रेडिओला गुलाल होता

जुन्या वस्तू विकणारी माणसं जगात पुष्कळ आहेत, पण विकलेल्या वस्तूची पुढं आयुष्यभर खुशाली विचारणारा माणूस अख्ख्या भूतलावर एकच असावा, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या आक्कांचे, हे यजमान. सगळी नोकरी इचलकरंजीच्या एका सूतगिरणीत वायरमन म्हणून केली, निवृत्त होऊन कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहायला आले, आणि तेव्हापासून त्या घरात बंद पडलेले पंखे, मिक्सर, टेपरेकॉर्डर यांची जी रीघ लागली ती लागलीच. कुणी काही टाकायला काढलं की साडूभाऊ ते काखेत मारून घरी आणणार. शिरोळकडं पूर येऊन गेला की लोक भिजलेले टीव्ही रस्त्याकडेला काढून ठेवत, आणि आमचे साडूभाऊ टेम्पो ठरवून ते गोळा करायला निघत. एकदा टेम्पोवाल्यानं सहज विचारलं, भंगाराचं दुकान आहे का म्हणून. साडूभाऊ परत येईपर्यंत त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत. न्हाणीत अंघोळीच्या दगडाशेजारी दोन स्पीकर उभे राहिले तेव्हा मात्र आक्कांनी निर्वाणीचं सांगितलं, आणि माझ्या मुलीनं साडूभाऊंच्या मोबाईलवर जुन्या वस्तू विकायचं एक ॲप लावून दिलं.

तिथून खरी गंमत सुरू झाली. बाकीचे लोक जाहिरातीत ‘अगदी नव्यासारखा’ असं लिहून मोकळे होतात. साडूभाऊंना ते सहन होत नसे. नव्यासारखा असता तर विकला असता काय, असं ते त्या मोबाईललाच विचारत. त्यांची मिक्सरची जाहिरात मला पाठ आहे. ‘मोठं भांडं चालतंय. चटणीचं भांडं आमच्याकडनं हरवलं. आवाज लई करतोय, शेजारी दुपारचं झोपत असतील तर घेऊ नये.’ एवढं वाचूनही कुणी घ्यायला तयार झालंच, तर त्याची चौकशी सुरू. मूळ गाव कुठलं, घरात कोण कोण असतं, स्वयंपाक कोण करतं. पुण्याच्या एका बिचाऱ्यानं टेबलफॅन घ्यायचा म्हणून बोलता बोलता सांगितलं की घरात रांगती मुलगी आहे. झालं, सौदा मोडला. जाळी सैल आहे, पोरगी चालायला लागू दे, मग बघू, असं कळवून साडूभाऊंनी तो पंखा तिच्या नावानं माळ्यावर ठेवून दिला. वस्तू पोचल्यावर तर विचारूच नका. मिक्सर बरा आहे का, चटणी बारीक होते का, असे निरोप ते इतक्या जिव्हाळ्यानं पाठवत, की घेणारे घाबरून त्यांचा नंबर बंद करून टाकत. साडूभाऊंना वाटे, त्या भागात रेंज नसेल.

पार्सलाचीही त्यांची स्वतःची रीत होती. शेजारणीनं भांड्यातून काही पाठवलं तर ते भांडं रिकामं परत करायचं नाही, हे आपल्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं. साडूभाऊंनी हा नियम कुरिअरला लावला. रिकामं खोकं कुणाच्या दारात जाता कामा नये म्हणून ते प्रत्येक वस्तूबरोबर आक्कांच्या हातच्या कांदा-लसूण चटणीची एक पुडी घालत. एकदा वाटेत पुडी फुटली आणि सगळी चटणी डीव्हीडी प्लेअरच्या पोटात गेली. सुरतेच्या बाईंनी तो परत पाठवला. परत करण्याची कारणं त्या ॲपवर आधीच छापलेली असतात, त्यांतलं कुठलं त्या माउलीनं निवडलं असेल कोण जाणे. दुसरा कुणी विकणारा भांडला असता. साडूभाऊंना उलट आनंद झाला. परत आलेली वस्तू म्हणजे त्यांच्या लेखी माहेरी आलेली लेक. त्यांनी प्लेअर उघडला, रंगाचा मऊ ब्रश घेऊन सकाळभर झाडत बसले, आणि बाईंना माफीच्या निरोपात पत्ता विचारून दुसरी पुडी पाठवली, ह्या खेपेला नुसतीच.

आणि गुलाल. साडूभाऊ दर रविवारी जोतिबाच्या डोंगरावर जातात आणि येताना कागदाच्या पुडीतून गुलाल आणतात. कुठलंही यंत्र दुरुस्त झालं, की मागचं झाकण लावण्याआधी त्या झाकणाला आतल्या बाजूनं गुलालाचं एक बोट ओढायचं, हळूच ‘चांगभलं’ म्हणायचं, आणि मग स्क्रू पिळायचे. यात कधी चूक नाही. मी एकदा चेष्टेनं म्हटलं की देव काय आत बसून वायरी बघणार आहे का. त्यावर ते शांतपणे म्हणाले की वायरी बघायला आपण आहोत, देवानं माणसं बघावीत.

आता त्या रेडिओचं सांगतो. हा रेडिओ माझ्या सासऱ्यांचा. आबा सकाळच्या बातम्यांपासून शेतकऱ्यांच्या कार्यक्रमापर्यंत तो कानाशी धरून असत. आवाजाचं बटण त्यांच्या अंगठ्यानं एका बाजूला झिजून गेलं होतं. आबा गेले त्यानंतर रेडिओही मुका झाला, आणि कुणाला नको होता म्हणून आक्कांकडं आला. साडूभाऊंनी एक अख्खा पावसाळा त्याच्यावर घालवला आणि तो बोलता केला. आक्कांनी तो स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवला, आणि त्या भाकरी थापताना तो चालू असायचा. हा काही विकायचा नव्हताच. पण दुरुस्ती इतकी देखणी झाली होती, की साडूभाऊंना राहवलं नाही. त्यांनी ॲपवर त्याचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘इकायचा न्हाय, बघायला ठेवलाय.’

काही दिवसांनी एका माणसाचा निरोप आला. माझे वडील अंथरुणाला खिळून आहेत, आमच्या घरी अगदी असाच रेडिओ होता, तो कधीचा बंद पडलाय, बाबा रोज त्याची आठवण काढतात, कृपा करून द्या, असा. साडूभाऊंनी तो निरोप आक्कांना वाचून दाखवला, मला फोन करून वाचून दाखवला, माझ्या बायकोलाही दाखवला. दोन घास कमी जेवू लागले. रेडिओ द्यायचा म्हणावं तर तो आक्कांच्या वडिलांचा, न द्यावा तर तो म्हातारा डोळ्यांसमोरून हलेना. शेवटी आक्काच म्हणाल्या, “द्या जावा. आबांनी तरी दुसरं काय केलं असतं?” त्यांनी तो पदरानं पुसला, चटणीची पुडी दुहेरी पिशवीत बांधली, आणि साडूभाऊंनी रेडिओच्या झाकणाला आतून पुन्हा एकदा गुलाल लावून खोकं बंद केलं. नेहमीच्या चौकशा या वेळी त्यांनी केल्या नाहीत. आजारी माणसाच्या घरी जास्त विचारू नये, असं त्यांचं म्हणणं.

आठवडा झाला न झाला तोच ॲपवर कळलं की वस्तू चालत नाही म्हणून परत येतेय. आक्का मनातून खूश झाल्या. म्हाताऱ्याचं वाईट वाटलं, पण रेडिओ घरी येतोय, आपण नीट करून पुन्हा पाठवू, असं त्या म्हणत होत्या. खोकं आलं तेव्हा मी तिथंच होतो. आत रेडिओ होता, त्याच बनावटीचा, त्याच रंगाचा, पण कोपरा फुटलेला. साडूभाऊंनी झाकण उघडलं. आत वाळलेलं झुरळ आणि वर्षानुवर्षांची धूळ. गुलालाचं नाव नाही. आक्कांना झाकणाच्या आत बघायचीही गरज पडली नाही. त्यांनी बटणावरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, “ह्यो आबांचा न्हवं.” मग आत निघून गेल्या.

मी लगेच तापलो. तुम्हाला गंडवलं, सरळ सरळ चोरी आहे ही, असं बोलून गेलो. साडूभाऊ मात्र मान हलवत राहिले. त्यांचं म्हणणं, त्या माणसाच्या घरी जुना रेडिओ होताच की, तसं त्यानंच लिहिलं होतं, गडबडीत आमचा समजून त्यानं स्वतःचाच परत पाठवला. दोन्ही दिसायला सारखे, चूक कुणाचीही होईल. म्हणजे आता त्यांची वस्तू आपल्याकडं अडकून पडली, ती पोचती करायला पाहिजे, पण पार्सल ॲपचा कुरिअरवालाच नेतो आणि पत्ता आपल्याला दाखवत नाहीत, म्हणून तो पत्ता मिळवा, असा त्यांनी माझ्यामागं लकडा लावला. त्या माणसाचा फोन बंद, निरोपाला उत्तर नाही. मग मी साडूभाऊंच्या शेजारी बसून ॲपच्या कंपनीकडं तक्रार केली. कंपनीनं रेडिओचा नंबर मागितला, खोकं बांधतानाचा व्हिडिओ मागितला. साडूभाऊंनी यातलं काहीच ठेवलं नव्हतं. त्यांच्याजवळ एकच पुरावा, आणि तो त्यांनी माझ्याकडून लिहून घेतला, की आमच्या रेडिओला आतून जोतिबाचा गुलाल होता, आलेल्याला नाही.

दुसऱ्या दिवशी कंपनीतून एका मुलीचा फोन आला. हिंदीत, फार आदरानं बोलत होती. गुलाल म्हणजे काय, असं तिनं विचारलं. साडूभाऊंना वाटलं, अखेर कुणीतरी मुद्द्याचं विचारलं. त्यांनी आपल्या हिंदीत डोंगर, देव, रविवार, बोट कसं ओढायचं, सगळं समजावलं. मुलीनं विचारलं, म्हणजे वस्तूच्या आत तुम्ही स्वतः रंगाची पूड घातली होती का? साडूभाऊ छातीवर हात ठेवून म्हणाले, “हां बेटी. मैं ने खुद डाला. हर बार डालता है.” संध्याकाळी निकाल आला. विकणाऱ्यानं वस्तूत पूड घातल्याचं स्वतः मान्य केलं आहे, सबब घेणाऱ्याची तक्रार बरोबर, प्रकरण बंद. पत्ता काही मिळाला नाही, तो गुप्त ठेवायचा असतो म्हणे. मी त्या रात्री जेवलो नाही इतका चिडलो होतो. साडूभाऊ एवढंच म्हणाले की पोरगी चांगली होती, तिला डोंगर बघायला बोलवायचं राहिलं.

त्यानंतर त्यांनी काही विकलेलं नाही. ॲप आहे मोबाईलवर, पण ते उघडून फक्त त्या माणसाचे जुने निरोप वाचतात. फुटका रेडिओ त्यांनी दुरुस्त केला, कोपरा चिकटवला, तो बोलायलाही लागला. पण त्याला गुलाल लावला नाही, लोकांची वस्तू आहे म्हणून. धुतलेल्या टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवला आहे. आक्कांनी फळीवरच्या मोकळ्या जागी पिठाचा डबा सरकवला. एक नुसता डबा, पण त्या घरी गेलो की मला तिकडं बघवत नाही. आणि साडूभाऊ आता पूर ओसरल्यावर टेम्पो सांगत नाहीत. माझ्या बायकोला वाटतं, दाजी शहाणे झाले. मला ते शहाणे झालेले मुळीच आवडत नाहीत.

परवा गेलो होतो. आक्का आत भाकऱ्या थापत होत्या, आम्ही दोघं बाहेर बसलो होतो. माझ्या तोंडून त्या माणसाचा उल्लेख निघाला आणि मी पुन्हा त्याला शिव्या घालायला लागलो. साडूभाऊंनी मला थांबवलं नाही. नेहमीसारखं चुकून झालं असंल असंही म्हणाले नाहीत. मी बोलायचा थांबल्यावर ते खाली बघत म्हणाले,

“पावणं, त्यो म्हातारा तरी खरा असंल न्हवं?”

आतलं भाकरी थापणं थांबलं. माझं स्वतःचं मत काय होतं ते सांगायची ही जागा नव्हती. मी म्हटलं, “असणार की. आत्ता बातम्या ऐकत असंल बघा.”

साडूभाऊंनी मान हलवली. थोड्या वेळानं आत पुन्हा भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागला.