बिनतारी, तार आणि बोंबील: मुलुंड ते मढ, पाच वॅटमध्ये

आमच्या मुलुंडच्या सोसायटीने गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम काढलं आणि माझ्या नवऱ्याची अँटेना खाली आली. सेक्रेटरी म्हणाले, काम झालं की परत लावा. काम झालं. मग ठराव झाला की गच्चीवर कुणीच काही लावायचं नाही. त्यात पापडही आले.

नवरा चाळीस वर्षांचा हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला. सरकारी परीक्षा देऊन परवाना काढायचा आणि घरच्या यंत्रावरून देशोदेशीच्या तसल्याच लोकांशी बोलायचं, असा हा छंद. गच्ची गेल्यापासून आठ महिने त्यांनी माइक हातात धरला नव्हता. यंत्रावर टॉवेल टाकला होता. गॅलरीत तार टांगून पाहिली, तर लिफ्टची मोटर आणि घरोघरचे एलईडी दिवे यांची खरखर सोडून काही ऐकू येईना. शेवटी त्यांनी यंत्र विकायला काढलं. अंधेरीचे एक गृहस्थ सोमवारी येऊन घेऊन जाणार होते.

परवाना माझ्याकडेही आहे. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलं, नोकरी केली, आणि तीस वर्षं स्वयंपाकघरातून अर्धंच संभाषण ऐकल्यावर निवृत्तीनंतर ती परीक्षा देऊन टाकली. माझं यंत्र पोळ्यांच्या डब्याएवढं. बॅटरीवर चालतं, कुठेही नेता येतं, ताकद पाच वॅट.

"पाच वॅटमध्ये काय होतं? देवघरातला बल्ब लागतो," नवरा म्हणाला.

मी म्हटलं, कोल्हापूर लागतं. दर रविवारी साडेअकराला मराठी हॅम मंडळींची रेडिओवर बैठक भरते. ती चालवतात कोल्हापूरचे माने सर, निवृत्त चित्रकला शिक्षक. मी उघड्यावर, समुद्राजवळ जाऊन त्यांना गाठून दाखवते.

नवरा म्हणाला, माने सर सभ्य आहेत, ऐकू आलं नाही तरी "छान येताय" म्हणतील. हे खरं आहे. आमच्या छंदात समोरच्याला चांगले गुण देणं हा शिष्टाचार झालाय, लग्नात जेवण चांगलं होतं म्हणतात तसा. म्हणून त्यांनी एका कागदावर एक शब्द लिहिला, कागद चार घड्या करून पाकिटात घातला आणि अट सांगितली. पाकीट साडेअकराला उघडायचं. शब्द मी पाठवायचा, माने सरांनी तोच परत वाचून दाखवायचा. दाखवला तर यंत्र विकायचं नाही आणि पुढच्या रविवारी ते माझ्याबरोबर बाहेर येणार. नाही दाखवला तर सोमवारी यंत्र अंधेरीला जाणार आणि मी पुन्हा तोंड उघडायचं नाही.

मी अट मान्य केली. तोंड न उघडण्याचा भाग सोडून.

जागा निवडताना मी तीन गोष्टी पाहिल्या: वर विजेच्या तारा नकोत, समोर पाणी हवं, आणि संडास जवळ हवा. तिसरी गोष्ट कुठल्याही पुस्तकात लिहिलेली नसते. मढ कोळीवाडा तिन्हीत बसला. तुम्ही जाणार असाल तर परवान्याची प्रत जवळ ठेवा आणि संरक्षण खात्याच्या भिंतींपासून लांब राहा. "आम्हाला माहीत नव्हतं" हे वाक्य कुणी ऐकून घेत नाही. मीही घेतलं नसतं.

रविवारी सकाळी सव्वासातला निघाले. मुलुंडहून घाटकोपरला बस, तिथून वर्सोव्याची मेट्रो. खांद्यावर एकच पिशवी: यंत्र, बॅटरी, हेडफोन, वीस मीटर तार, दोरी, छत्री, मेथीचे ठेपले आणि पाकीट. घाटकोपरला पिशवी तपासणीच्या यंत्रात गेली आणि पट्टा थांबला. गणवेशातल्या मुलीने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा पडद्याकडे. डबा, त्याला बटणं, शेजारी बॅटरी, भोवती तारेचं वेटोळं. मी मान्य करते, पडद्यावर ते ठेपल्यांसारखं दिसत नव्हतं.

तिने विचारलं हे काय आहे. मी परवाना काढला आणि परवान्याला शोभेलशा भाषेत सांगितलं की हे बिनतारी यंत्र आहे.

तिने पिशवीत हात घालून वेटोळं वर काढलं. ते संपेचना. "आजी, बिनतारी आहे ना? मग ही एवढी तार कशाला?"

मागे रांग लागली होती. दोन यंत्रांच्या मध्ये तार नसते, पण प्रत्येक यंत्राला स्वतःची तार लागते, हे मी तिला समजावून सांगितलं. तिने तिच्या वरिष्ठांना बोलावलं. त्यांनाही सांगितलं. त्यांनी परवाना दोन्ही बाजूंनी वाचला, डब्याचं झाकण उघडून ठेपले पाहिले आणि मला जाऊ दिलं. मुलगी शेवटपर्यंत म्हणत होती की मग नाव बदलायला हवं. मला तिचं म्हणणं पटलं, पण तसं सांगितलं नाही. वीस मिनिटं गेली होती. तुम्ही अर्धा तास हाताशी ठेवा.

रविवारी सकाळी घाटकोपर-वर्सोवा मेट्रोत बसायला जागा मिळते आणि मरोळपासून पुढे लोकांच्या गच्च्या वरून दिसतात. मी मोजत बसले: टाक्या, सोलरचे पत्रे, एका गच्चीवर पापड. तिथला सेक्रेटरी माणूस असावा.

वर्सोव्याला उतरून रिक्षाने धक्क्यावर गेले. मढची बोट पाच मिनिटांत पलीकडे नेते. बोटीत माणसं, मोटारसायकली आणि मासळीच्या पाट्या एकाच तिकिटाच्या हक्काने उभ्या असतात. सुटे पैसे न्या. जाऊन-येऊन सगळा प्रवास तीनशे रुपयांत झाला. पांढरे कपडे घालू नका.

पलीकडे उतरलं की दोन्ही बाजूंना बांबूंच्या रांगा. खांब रोवलेले, मध्ये दोऱ्या ताणलेल्या आणि त्यावर जोडीजोडीने बोंबील वाळत घातलेले. वासाबद्दल मी काही लिहीत नाही. ज्यांना आवडतो त्यांना सांगायला नको, आणि बाकीच्यांनी मढला का जावं?

समुद्राच्या बाजूला एका रांगेच्या टोकाचे तीन बांबू रिकामे होते, मधला चांगला उंच. पाट्या उचलत असलेल्या एका बाईंना मी विचारलं, इथे तासभर दोरी बांधली तर चालेल का. त्यांचं नाव हिराबाय, हे नंतर कळलं. वयाने माझ्याएवढ्याच, हाताने माझ्या दुप्पट.

"बांध गो," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

इथे माझी चूक झाली. मी "तार" म्हणायला हवं होतं. मी "दोरी" म्हणाले. दोरीचा त्या वाड्यात एकच अर्थ आहे.

मधल्या बांबूवर तारेचा मध्य चढवला आणि दहा-दहा मीटरच्या दोन बाजू उतरत्या नेऊन कडेच्या बांबूंना बांधल्या. घराच्या छपरासारखा आकार. छत्री रोवली, तारेकडे पाठ आणि समुद्राकडे तोंड करून बसले, हेडफोन लावले. आठ महिन्यांनी पहिल्यांदा खरखरीशिवायचा बँड, म्हणजे आमच्या लहरींचा पट्टा, ऐकला. सोलापूरचे कुणी आपल्या गुडघ्याबद्दल सांगत होते आणि प्रत्येक शब्द कळत होता. माइकचं बटण क्षणभर दाबून पाहिलं, तर मीटरवरची सुई डावीकडे शहाण्यासारखी बसली होती, म्हणजे तार पाठवलेली सगळी ताकद स्वीकारत होती. मी दोन ठेपले खाल्ले.

साडेअकराला माने सरांनी बैठक उघडली. मी माझं संकेतनाव दिलं. कोल्हापूरहून लगेच उत्तर आलं: वहिनी, छान येताय, बोला. मी मनात म्हटलं, छान येताय यावर आमच्या घरी विश्वास नाही. मी सांगितलं की एक शब्द पाठवते, तो लिहून घ्या आणि परत वाचा. सर म्हणाले, पेन्सिल घेतो.

मी पाकीट फाडलं, चार घड्या उलगडल्या. त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: गच्ची.

मला वाटलं होतं, मला हरवायला काहीतरी जोडाक्षरांचा डोंगर असेल.

मग माइकचं बटण दाबलं. हॅम मंडळी इंग्रजी अक्षरं ठरावीक शब्दांनी सांगतात. मराठीसाठी आम्ही बालवाडी वापरतो. मी "ग गणपतीचा" म्हणाले आणि सुई उजवीकडे जाऊन झोपली. म्हणजे तार ताकद घ्यायला नकार देत होती. बटण दाबलेलंच ठेवून मी मागे वळले.

हिराबाय माझ्या अँटेनावर बोंबील घालत होत्या. एक बाजू भरून झाली होती. ओले, चकचकीत, जबड्यात जबडा अडकवून सारख्या अंतरावर टांगलेले. काम नीटनेटकं होतं हे मला मान्य करावं लागेल. दुसऱ्या बाजूला सुरुवात झाली होती.

"अहो बाई, बोंबील काढा," मी ओरडले. "ते बोंबील आधी काढा. माझी तार आहे ती."

"तार? मघा दोरी बोललीस ना?"

"बिनतारी यंत्राची तार आहे."

हिराबाय थांबल्या. हातातली जोडी हातातच. "बिनतारी बोलतेस आणि माझ्या बांबूला तार बांधतेस? कोणाला येडी बनवतेस गो?"

यानंतर आम्ही दोघी जे बोललो ते मी सगळं लिहीत नाही. बांबू कोणाचे, परवानगी कशाची, शिकलेल्या बायकांना दोरी आणि तार यातला फरक कळतो की नाही, असे मुद्दे होते. शेवटी मी म्हटलं की माझा नवरा आठ महिने घरात तोंड पाडून बसलाय आणि या बोंबलांपायी तो तसाच बसून राहील. हिराबायनी माझ्याकडे पाहिलं. "मग आधी बोलायचं ना," त्या म्हणाल्या आणि बोंबील काढायला लागल्या. मीही हात लावायला उठले. तेव्हा लक्षात आलं की माझा अंगठा अजून बटणावर होता.

मी अंगठा उचलला.

हेडफोनमध्ये माने सरांचा आवाज आला, गंभीर, शिक्षकी. "वहिनी, शब्द मिळाला. परत वाचतो. ब बदकाचा, वर ओकार आणि अनुस्वार. ब बदकाचा, दीर्घ वेलांटी. ल लसणाचा. बोंबील. बरोबर?"

मागून सोलापूरचे गुडघेवाले म्हणाले, त्यांनाही बोंबीलच मिळाला.

मी सांगायचा प्रयत्न केला. पण तेवढ्यात बँड बसला, म्हणजे आकाशातल्या थरावर आपटून लांब जाणाऱ्या आमच्या लहरी पोचेनाशा झाल्या. सूर्याच्या लहरीवर चालणाऱ्या गोष्टी अशाच असतात, चालतात तोवर चालतात. बोंबील निघाले, सुई डावीकडे आली, आणि कोल्हापूर दूर जाऊन गुणगुणायला लागलं. मी "गच्ची" चार वेळा पाठवली. गणपती, चमचा, तोच चमचा जोडून, दीर्घ वेलांटी. उत्तर आलं नाही. साडेबाराला मी तार गुंडाळली.

हिराबायनी जाताना कागदात गुंडाळून सुके बोंबील दिले. पैसे घेईनात. "तुझ्या त्याला घाल खायला," म्हणाल्या. "आणि पुढल्या वेळेला त्यालाच आण. तुला बांधता नाय येत."

परतीची मेट्रो छान थंड होती आणि माझ्या दोन्ही बाजूंच्या जागा वांद्र्यातल्या स्वस्त घरांइतक्या दुर्मीळ असूनही रिकाम्या राहिल्या. कारण पिशवीत होतं. घाटकोपरला बाहेर पडताना दारात तीच मुलगी होती. तिने पिशवीचा वास घेतला आणि हाताने पुढे जा म्हणून सांगितलं.

घरी नवरा खुर्चीत होता. मी चपला काढल्या, पिशवी ठेवली आणि सरळ सांगितलं. "शब्द 'गच्ची' होता. तो पोचला नाही. मी हरले. अंधेरीला फोन करून सांगा, उद्या या म्हणावं."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं डोळ्यांत काही गेलं असेल. मग दिसलं की खांदे हलतायत. माने सरांचा फोन येऊन गेला होता. सरांनी सगळं लिहून घेतलं होतं, बांबूंच्या मालकीपासून तोंड पाडून बसलेल्या नवऱ्यापर्यंत, आणि सावकाश वाचून दाखवलं होतं.

"कोल्हापूर, सोलापूर," नवरा म्हणाला. "सांगलीलाही गेलंय. पाच वॅट आणि वर बोंबील."

"अट गच्चीची होती."

"हो, अट गच्चीचीच होती," ते म्हणाले आणि फोन उचलला. अंधेरीच्या गृहस्थांना त्यांनी यंत्र द्यायचं नाही म्हणून सांगितलं. तिकडून कारण विचारलं असावं. "नाही हो, बिघाड नाही. बायकोला एकटीला पाठवलं तर भलतेच शब्द पोचवून येते."

फोन ठेवून ते गॅलरीत गेले. तिथून समोरच्या बिल्डिंगच्या टाक्या दिसतात. "गच्ची नाही पोचली ते बरंच झालं," एवढं म्हणाले. मी तोंड उघडलं नाही. हरल्यावर अट मी अर्धी तरी पाळते.

आता या सहलीतलं काय उरलं ते सांगते. बोंबील दोन दिवसांत संपले. वास उरला. तार मी साबणाने धुतली, मग लिंबाने, मग गॅलरीत वाळत घातली, तरी पॅसेजमध्ये येणारी प्रत्येक व्यक्ती थांबून विचारते. चौथ्यांदा बादलीत घालत होते तेव्हा नवरा पॅसेजमध्ये उकिडवा बसून टेपने नवी तार मोजत होता. दहा मीटर, आणि दहा मीटर. ती त्यांची. रविवारसाठी.

"ती आता धुऊ नकोस," ते मान वर न करता म्हणाले. "चालणाऱ्या अँटेनाला हात लावू नये."