रिकामा चौकोन

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मीच पहिला. लिहायला धजावतोय, चुकलं तर माफ करा.

काल हॉस्टेलवर शाळेच्या खो-खो संघावरचा सिनेमा पाहिला. पोरांचे गुडघे फुटू नयेत म्हणून त्यातले प्रशिक्षक मैदानावर पाणी शिंपडत होते. माझे डोळे भरले. शेजारचा मित्र हसला, "येड्या, पिक्चर आहे!"

शाळेत आम्हाला खो-खो शिकवणारे सरही असंच पाणी शिंपडायचे. गेल्या महिन्यात त्यांच्या निरोपाच्या सामन्यात खेळायला येतो म्हणालो आणि आळसाने इथेच राहिलो. पडद्यावरच्या गुरूसाठी रडणं किती सोपं असतं!

आज बहिणीचा फोन आला. "दादा, त्या दिवशी सरांनी तुझ्या चौकोनात कुणालाच बसू दिलं नाही. म्हणाले, गाडी चुकली असेल त्याची, येईल."