मेजरसायबांनी जीपची चावी काढून घेतली

मेजरसायब गेले. मला रडू आलं न्हाय. बरं वाटलं.

दोन वर्सं खाटेवर पडून व्हते. पाणी पाजाया बी माणूस लागायचा. आज सकाळी च्या घेतला, कूस बदलली, अन् झालं.
असं मरण मागून मिळत न्हाय.

परंड्यात त्यांच्या अन् माझ्या घराची भिंत एकच. त्यामुळं भांडणं बी रोजची.
फौज सोडून तहसीलदार झालेला माणूस. रिटायर झाले तरी शेजाऱ्यापाजाऱ्यांना हुकूम सोडायचे.

तीन वर्सांमागं माझी नात रेणू फौजेत कॅप्टन व्हती. रीतसर परमिशन काढून परीक्षेला बसली, तहसीलदाराची पोस्ट मिळाली.
पण फौजेनं सोडल्याबिगर इकडं जॉइन होता येत न्हाय, असा नियम. तिकडून कागद हलंना, इकडची शेवटची तारीख जवळ आली.
पोरगी फोनवर रडायली.

मग मी गावात समदे करत्यात तेच केलं. हार घेतला, पेढे घेतले, भाड्याची जीप केली अन् पुढाऱ्याकडं निघाले. तिच्या वरच्या सायबाला एक फोन लावा म्हणायला.

मेजरसायब लुंगीवरच बाहेर आले अन् जीपची चावी काढून घेतली. भर रस्त्यात.

मी लई बोलले. तुमचं भलं झालं, आता दुसऱ्याच्या पोरीचं बघवंना व्हय, इथपर्यंत बोलले.

ते हळूच म्हणले, "आक्का, फौजेत बाहेरून वजन टाकलं की ते पोरीच्याच अंगावर येतंय. माझ्या बापानं असाच फोन लावला व्हता. त्यापायी माझी पयली पोस्ट गेली. बापाला मी कधी सांगितलं न्हाय."

मी जीप माघारी धाडली. सून म्हणती, मी कुणाचं ऐकलं ते जन्मात पयल्यांदा.

मग त्यांनीच रेणूला फोनवर समजावलं. इकडच्या सरकारला मुदत वाढवून माग, अन् ती मागणी तुझ्या सायबाच्या हातूनच जाऊ दे.
मुदत मिळाली. फौजेनं सोडलं. पोरगी खुर्चीवर बसली.

मी पुरणपोळी नेऊन दिली तर म्हणले, तूप कमी हाय.

आज रेणू ऑफिसातून तशीच आली. त्यांच्या पायापाशी बसली. म्हणली, "आज्जी, त्यांनी तुला अडवलं नसतं तर?"

म्हणलं, "तर तू बी मला कधी सांगितलं नसतंस."

मेजरसायब, निवांत जावा.
शेजारणीचा मनापासून रामराम.