सासूबाईंचे फोटो आणि नखाएवढं कार्ड

समस्त मराठी बांधवांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, पानिपतावर आणखी एक मराठी माणूस गारद झाला होता, आणि तो मी. आज तीळ भाजल्याचा वास आला आणि ती संक्रांत पुन्हा आठवली. त्या संक्रांतीला मी, बायको आणि सासूबाई गाझियाबादहून पानिपतच्या लढाईचं काला अंबचं स्मारक बघायला गेलो होतो. येताना वाटेतल्या पिवळ्याधमक मोहरीवर ऐटीत ड्रोन उडवावा म्हणून मी छोट्या कॅमेऱ्यातलं नखाएवढं मेमरी कार्ड त्यात घातलं. 'फॉरमॅट करायचं?' असं स्क्रीनवर आलं आणि मी खुशाल 'हो' दाबलं; कार्ड कोरं झालं. मग आठवलं, त्यात सासूबाईंच्या सहस्रचंद्रदर्शनाचे सगळे फोटो होते, आणि दुसरी प्रत कुठेच नव्हती. पुढे गाडी चालवताना मी मनात सबबी जुळवत होतो. मागून सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, आज तरी माझे फोटो दाखवा हं." बायको म्हणाली, "हो यार, घरी गेल्यावर टीव्हीवरच लाव." मी गाडी कडेला घेतली आणि रडवेल्या आवाजात सगळं कबूल केलं. बायकोच्या त्या वेळच्या नजरेपेक्षा अब्दालीची फौज परवडली असती. तेवढ्यात तिळगूळ चघळत सासूबाई आनंदाने ओरडल्या, "बरं झालं बाई! माझी कवळी त्या दिवशी वाटीतच राहिली होती, फोटोंत नुसतं बोळकंच आलं असणार. आता दात लावून बसते, पुन्हा ओवाळा मला!"