तलावावरचं घर

क्षमाला जीआयएस हा विषय घ्यायला लावला तो तिच्या वडिलांनीच. शालिग्राम यांचा जन्म रेल्वेच्या मालधक्क्यावर गेलेला. नवा रायपूर उभं राहायला लागलं, जो तो जमिनीचे नकाशे घेऊन फिरू लागला, तेव्हा त्यांच्या मनाने घेतलं की पोरीने नकाशेच शिकावेत, कॉम्प्युटरवरचे.

एमएस्सीच्या प्रबंधासाठी तिने रायपुरातली आपली गुढियारी वस्तीच निवडली. पावसाळ्यात त्यांच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, पाणी शिरायचं. ती पाणी अडवते म्हणून शालिग्राम त्याचं खापर शेजारच्या नीलकंठच्या भिंतीवर फोडत आले होते. त्यापायी दोन्ही घरांतलं बोलणं बंद होतं. क्षमाने कॉम्प्युटरवर उपग्रहाचं जुनं चित्र आजच्या चित्रावर ठेवलं, तर घरांच्या जागी काळंभोर पाणी. तिने जुना सर्वेक्षणाचा नकाशाही जुळवून पाहिला. तलावच होता. त्यांचं घर, नीलकंठचं घर, सगळी गल्ली त्याच्या पोटात.

तिचे मार्गदर्शक रत्नाकर सर खूश झाले. क्षमाने डबा न खाताच घरी परत आणला.

घरी तिने लॅपटॉप वडिलांपुढे धरला. त्यांनी चित्रावर आपलं घर शोधलं.

"मी घेतला तवा सपाट प्लॉट होता. मले काय माहीत!" मग आवाज खाली आला. "रविवारी घर पाहाले लोक येऊन राहिले. त्यांच्यासमोर हे काढू नको."

घर विकायचं होतं ते आईसाठी. ओलीने सुशीलाबाईंचा दमा वाढला होता.

रविवारी विराज आणि सुजाता आले. जोडपं वर्ध्याचं, विराजला नव्या रायपुरात नोकरी लागलेली. सुजाताला दिवस गेले होते. मागच्या खोलीत उभी राहून ती म्हणाली, "पाळणा इथे बांधता येईल." विराजने विचारलं, "पावसाळ्यात काही त्रास?"

"छे! शेजारच्याच्या भिंतीनं थोडंसं..." शालिग्राम म्हणाले.

क्षमा चहा घेऊन आली होती. तिने ट्रे खाली ठेवला.

"भिंतीनं नाही, भैया. इथं तलाव होता. दरवर्षी पाणी घरात येते."

चहा तसाच राहिला. पाहुणे निघून गेले.

"याच्यासाठी शिकवलं तुले?" शालिग्राम ओरडले.

"खोटं तर नाही बोलली पोट्टी," आतून सुशीलाबाई खोकत म्हणाल्या.

"तू चूप राह्य! तुह्याचसाठी विकून राहिलो होतो!"

गोष्ट गल्लीभर झाली. आता आपलीही घरं कोणी घेणार नाही, म्हणून लोक क्षमाला पाहून तोंड फिरवू लागले. एका संध्याकाळी नीलकंठ दारात आला.

"माहंही घर त्याच्यात हाय का, बेटा?"

"हव, काका."

तो न विचारताच ओट्यावर बसलेल्या शालिग्राम यांच्या शेजारी टेकला. कितीतरी वर्षांनी.

क्षमा पहिल्या वर्गात पास झाली. शालिग्राम यांनी कोणाला पेढा दिला नाही. पावसाळ्यात पाणी शिरण्याआधी सुशीलाबाईंना गोंदियाला त्यांच्या भावाकडे पाठवलं. क्षमाला नव्या रायपुरात नोकरी लागली, तशी तिने तिथे दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि आईला आणलं. वडिलांना न्यायला गेली, तर ते नुसतं म्हणाले, "तू जा. मी काहून येऊ? माहं घर हाय इथं."

गल्लीच्या तोंडाशी येऊन तिने वळून पाहिलं. येत्या पावसाळ्यासाठी ते दाराच्या उंबऱ्यावर विटा रचत होते.