पत्र्यावरची तिसरी पोरगी

मी नर्स आहे. अंगात येतं म्हणून कुणी बाईला घेऊन आलं, की मी आधी तिचं हिमोग्लोबिन तपासते. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय. पण बाबांची पुण्यतिथी जवळ आली आणि राहवेना... लिहूनच टाकते.

आमचे बाबा दर्यापूरचे पेंटर. कुटुंबनियोजनाचे पत्र्याचे बोर्ड रंगवायचे – लाल त्रिकोण, आई, बाप आणि दोन लेकरं. मॉडेल घरचीच! मुलगा म्हणजे आमचा दादा, मुलगी म्हणजे ताई. एसटीतून जाताना दादा खिडकीतून बोट दाखवून सगळ्यांना सांगायचा, "तो पाहा, तो मी हावो!"

आणि मी तिसरी. 'दोन पुरेत' लिहिणाऱ्याच्या घरात तिसरी! अख्खा मोहल्ला हसायचा. "बाबा, मी काऊन नाही बोर्डावर?" असं विचारलं की बाबा ब्रश धुता धुता म्हणायचे, "जागा नाही ना, माय."

सात वर्षांची असताना मी स्वतःच जागा करायला निघाले. बाबा चहाला गेलेले बघून शिडीवर चढले आणि बोर्डाला ब्रश टेकायच्या आधीच धपकन खाली! डावा हात मोडला. बाबा अजिबात रागावले नाहीत. उलट प्लास्टरवर त्यांनी हिरवा पोपट काढून दिला, चोच त्या त्रिकोणाच्याच लाल रंगाची. महिनाभर मी तो शाळेत मिरवला. टर्पेंटाइनचा वास आला की मला अजून त्यांच्या मांडीवर बसल्यासारखं वाटतं. पण एक सल राहिलाच – आपण नको असताना आलो. हे त्यांना विचारायचा धीर कधी झाला नाही, आणि मग ते गेलेच.

पुढे कापसाचे ते वाईट दिवस आले. पेपर उघडला की शेतकऱ्यांच्या आत्महत्या, आणि आमच्याच जिल्ह्यांची नावं. घरोघरी जाऊन बायकांशी कसं बोलायचं, याच्या ट्रेनिंगला आम्हा नर्सना अमरावतीला बोलावलं होतं. तिथे मागच्या हॉलमध्ये कुटुंबनियोजनाचं छोटंसं म्युझियम होतं. जेवणाच्या सुट्टीत, दुपारी दीडच्या सुमारास, मी एकटीच आत गेले. काचेच्या कपाटात जुनी तांबी, निरोधची पाकिटं, सुरक्षित दिवस मोजायची लाल-हिरव्या मण्यांची माळ. ही माळ नुसती गळ्यात घातली की झालं, असं समजणाऱ्या बायकांचे किस्से आठवून मला हसू आलं.

शेवटच्या भिंतीवर बाबांचा बोर्ड होता. अक्षरावरूनच ओळखला. दादा, ताई... आणि आईचा पदर धरून उभी असलेली तिसरी पोरगी. डाव्या हाताला प्लास्टर. प्लास्टरवर हिरवा पोपट.

टर्पेंटाइनचा वास आला, अगदी ताजा. मी पोपटाला बोट लावलं – ओला! बोट रुमालाला पुसलं आणि धावत बाहेर आले. म्युझियम सांभाळणारे रहीमचाचा दारातच डबा खात होते.

"चाचा, हा बोर्ड आता कोणी रंगवला?"

चाचा आत आले, चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले. "कोन रंगवते, बेटी? दोनच तं लेकरं हायेत."

खरंच दोनच होती. पदराशेजारी नुसता निळा रंग, तोही कोरडा. खालच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं – 'मूर्तिजापूर फाट्यावरून आणलेला बोर्ड'.

मी एसटीडी बूथवरून आईला फोन लावला. पोपटाचं काही बोललेच नाही, फक्त फाट्यावरचा बोर्ड सापडला एवढंच सांगितलं. आई मग म्हणाली, "त्या बोर्डावर त्यायनं तुले काढलं होतं. तुहा हात मोडला ना, त्याच हप्त्यात. साहेब पाहाले आले, म्हने बोर्ड दोनचा हाये का तीनचा? पुसाले लावलं. दोन दिवस जेवले नाहीत तुहे बाबा. म्हने, तिले सांगू नको, तिले वाटन बापानं पुसलं."

मी बूथमध्येच रडले. बाहेर रांग लागली होती.

खालचा रंग कधीकधी वर येतो, हे पेंटरच्या मुलीला कुणी सांगायला नको. पण वीस वर्षांनी तो ओला कसा? आणि चाचांना तो का दिसला नाही? रुमाल मी धुतलेला नाही, हिरवा डाग अजून आहे. दादा म्हणतो, दुसरीकडचा कुठला तरी रंग लागला असेल. असेलही.

आता मूर्तिजापूर फाट्यावर बोर्डाचे नुसते दोन खांब उरलेत. एसटी तिथून जाते तेव्हा मी खिडकीतून बोट दाखवते आणि शेजारी जी कोणी बाई बसली असेल तिला सांगते, "तिथे ना, मी होते."