अण्णांचा दुसरा डेस्कटॉप

निपाणीकडच्या एका दाखल्यांच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसणाऱ्या क्लार्कला सगळे नुसतं अण्णा म्हणतात. त्यांचा उजवा हात माउसवरून हलत नाही. कॉम्प्युटरवर दोन डेस्कटॉप कायम उघडे असतात. एकावर चालू काम, दुसऱ्यावर कधीतरी बंद पडलेल्या सर्व्हरचं पान. माणूस खिडकीशी आला आणि त्यांना उठायचा कंटाळा आला, की दोन क्लिक करून ते बंद पान पुढे आणतात आणि स्क्रीन त्याच्याकडे फिरवतात.

"बघा की, सर्व्हर न्हाय. उद्या या."

परवा बोरगावची आमची शेजारीण आक्का लेकीच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तिसऱ्यांदा आली होती, या वेळी सोबत मी होतो. कॉलेजात दाखला द्यायचा तो शेवटचा दिवस होता. स्क्रीन फिरली आणि माझं डोकं सणकलं. खिडकीतून हात घालून मी माउस ओढला आणि चालू कामाचा डेस्कटॉप पुढे आणला. दाखला तयार होता, फक्त छापायचा राहिला होता.

अण्णा चिडले नाहीत. "हे तुला मीच शिकवलतं न्हवं रं?"

खरं होतं. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, आणि मला माउस धरायला इथंच जेवणाच्या सुट्टीत यांनीच शिकवलं होतं. तोंडात आलेली शिवी मी गिळली.

प्रिंटर चालला. आक्कानं कागद घेऊन हात जोडले. "लई उपकार झालं, अण्णा."

"असू दे गं."

तिची पाठ वळायच्या आत पुढचा म्हातारा खिडकीशी आला, आणि अण्णांनी स्क्रीन त्याच्याकडे फिरवली.